भावाचा दमा वयात येताना गेला, मग हिचा का वाढतोय?

पत्र थोडक्यात : कोल्हापुरातल्या एका आईनं लिहिलंय. मुलगी १३ वर्षांची, आठवीत. ३२व्या आठवड्यात जन्मली. बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून प्रसूतीआधी आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली होती. मुलीला लहानपणापासून बाळदमा. थोरल्या भावालाही होता, पण त्याला मिसरूड फुटलं तसा तो गेला. ‘पोरगी शहाणी झाली की हिचाबी जाईल, पोराचा न्हाई का गेला?’ असं घरात सगळे धरून चालले होते. झालं उलटंच. वर्षापूर्वी पाळी सुरू झाली आणि खोकला, धाप वाढली. पाळीच्या आधीचे तीन-चार दिवस तर ती रात्री उठून बसते. बालरोगतज्ज्ञांनी रोज घ्यायचा स्टिरॉइडचा पंप लिहून दिला. सासूबाईंचा विरोध आहे : ‘पोटात असताना स्टिरॉइड दिलं म्हणून तर हे झालं. उंची खुंटंल, पाळी बिघडंल, पंपवाली पोरगी म्हणून नाव पडंल.’ पंप कपाटात पडून आहे. दरम्यान वडिलांच्या मित्रानं एका गावातली दम्याची पुडी आणून दिली. दीड महिना ती चालू आहे, गुण चांगला येतोय, चेहराही भरलाय. आईचे प्रश्न : हे हार्मोन्समुळं होतंय का? हार्मोन्सच्या सगळ्या तपासण्या करून घ्याव्यात का? पंप द्यायचा की पुडी? आणि तिचा फुटबॉल बंद करावा का?

ताई,

तुमचे प्रश्न ज्या क्रमानं आलेत त्या क्रमानं मी उत्तरं देणार नाही. ‘गुण चांगला येतोय, चेहराही भरलाय’ हे वाक्य तुम्ही समाधानानं लिहिलंय, आणि मला काळजी त्याचीच वाटते. बाकीच्या गोष्टींना आठवडाभर वेळ आहे, याला नाही.

वर्षानुवर्षांचा दमा जी पुडी चार दिवसांत बसवते, भूक वाढवते आणि महिन्या-दीड महिन्यात गाल गोल करते, त्या पुडीत बहुतेक वेळा स्टिरॉइडच्या गोळ्या कुटून घातलेल्या असतात. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, जी स्वस्त मिळेल ती. तुमच्या पुडीत काय आहे हे तपासल्याशिवाय मी सांगू शकत नाही, पण लक्षणं तीच आहेत. म्हणजे ज्या स्टिरॉइडच्या भीतीनं पंप कपाटात ठेवला, तेच स्टिरॉइड कदाचित पोरीच्या पोटात रोज जातंय. तेही किती, हे पुडी बांधणाऱ्यालाही ठाऊक नाही.

आता घाबरून ती पुडी आजच्या आज बंद मात्र करू नका. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर अधिवृक्क नावाच्या छोट्या ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसॉल हे हार्मोन बनवतात. बाहेरून तयार माल रोज मिळायला लागला की या ग्रंथी काम थांबवतात, आणि पुन्हा सुरू व्हायला त्यांना काही आठवडे, कधी महिनेही लागतात. मधेच पुडी तोडली तर शरीरात कॉर्टिसॉलच उरत नाही : उलट्या, चक्कर, अंगात त्राण नाही, रक्तदाब आणि साखर खाली. तापात किंवा जुलाबात हे जिवावर बेतू शकतं. म्हणून एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडे जा, उरलेल्या पुड्या सोबत न्या आणि किती दिवस, दिवसातून किती वेळा दिली ते स्पष्ट सांगा. ते रागावतील या भीतीनं लपवू नका. पुडी कशी उतरवायची आणि पंप कधी सुरू करायचा हे त्यांनाच ठरवू दे. त्याआधी पोर उलट्या करून गळून गेली, तर थेट मोठं रुग्णालय गाठा आणि दारातच सांगा की दीड महिना स्टिरॉइडची शंका असलेली पुडी चालू आहे.

आता सासूबाईंच्या मुद्द्याकडे येते. त्यांना मी मोडीत काढणार नाही. नातीची उंची, तिची पाळी, तिचं पुढचं आयुष्य यांचाच विचार त्या करतायत. पण घरातली सगळी चर्चा एका गृहीतावर चाललीय : स्टिरॉइड ही बाहेरची परकी गोष्ट, आणि श्वासाचा नि हार्मोन्सचा संबंध पोरगी वयात आल्यावरच आला. खरं तर तो संबंध ती तुमच्या पोटात असल्यापासूनचा आहे.

फुप्फुसात हवेच्या कोट्यवधी बारीक पिशव्या असतात. आतून त्या ओल्या. ओल्या प्लास्टिकच्या पिशवीची दोन पानं एकमेकांना चिकटतात, तशा याही श्वास सोडल्यावर चिकटून बसल्या असत्या. तसं होऊ नये म्हणून फुप्फुसातल्या काही पेशी सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध थर तयार करतात. गर्भात हे काम साधारण २४व्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतं आणि ३४-३५व्या आठवड्यापर्यंत पुरेसं होतं. त्याची घाई करणारं मुख्य हार्मोन म्हणजे बाळाचंच कॉर्टिसॉल. दिवस भरत येतात तसं ते वाढतं. तुमची मुलगी ३२व्या आठवड्यात आली, म्हणजे तिच्या शरीराला ही वाढ पुरती गाठताच आली नव्हती. तुम्हाला दिलेल्या इंजेक्शनांनी ती उणीव भरून काढली.

हे कळलं न्यूझीलंडमध्ये. १९६०च्या दशकाच्या शेवटी लिगिन्स हे ऑकलंडचे डॉक्टर मेंढ्यांवर प्रयोग करत होते. स्टिरॉइड दिलेली कोकरं इतकी आधी जन्मली होती की ती श्वास घेऊच शकायला नको होती, पण ती घेत होती. पुढे लिगिन्स आणि हॉवी यांनी मातांवर चाचणी केली आणि १९७२ साली निष्कर्ष छापले : इंजेक्शन दिलेल्या मातांच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना श्वासाचा त्रास कमी झाला. आपल्याकडे सरकारी दवाखान्यांतही अशा मातांना डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देण्याचे निर्देश २०१४पासून आहेत. ‘पोटात दिलं म्हणून दमा झाला’ याचंही उत्तर त्याच चाचणीत आहे. त्यातली बाळं ३० वर्षांची झाल्यावर त्यांना पुन्हा बोलावून तपासलं. इंजेक्शन मिळालेल्यांत आणि न मिळालेल्यांत फुप्फुसांच्या क्षमतेत किंवा दम्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. अपुऱ्या दिवसांच्या मुलांना पुढे घरघर, धाप जास्त लागते हे खरं आहे, पण ते लवकर जन्मल्यामुळं. इंजेक्शनाच्या नावावर ते पाप टाकू नका. आणि त्या इंजेक्शनाला हो म्हटल्याबद्दल स्वतःला खात असाल (पत्राच्या सुरावरून मला तसं वाटलं), तर तेही सोडा.

जाता जाता दोन गोष्टी, हे वाचणाऱ्या इतर घरांसाठी. ‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ हे आपल्याकडे अजून बोललं जातं. फुप्फुसांच्या हिशेबानं ते सरळ खोटं आहे. दिवस भरेपर्यंत पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचा असतो. दुसरी गोष्ट मुहूर्ताच्या सिझरची. गर्भात फुप्फुसं पाण्यानं भरलेली असतात. कळांच्या वेळी बाळाच्या अंगात ॲड्रेनलीन आणि कॉर्टिसॉल उसळतं आणि ते पाणी शोषून घ्यायला लावतं. कळा न येताच, ३९ आठवड्यांच्या आधी, निव्वळ तिथी बघून पोट उघडलं तर बाळाला काही तास ते दोन-तीन दिवस धाप लागण्याची शक्यता वाढते. वैद्यकीय कारण असेल तर प्रश्न नाही. पण पंचांगाला दोन आठवडे थांबायला काय हरकत आहे?

भावाचा दमा गेला, हिचा का वाढला, हा तुमच्या पत्राचा गाभा. भावावरून बहिणीचं गणित मांडलं, इथंच चूक झाली. लहानपणी दमा मुलग्यांमध्ये जास्त असतो. फुप्फुसांच्या मानानं त्यांच्या श्वासनळ्या अरुंद असतात. वयात येताना त्या रुंदावतात, आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन ॲलर्जीची सूज काहीसं दाबून धरतं. म्हणून मिसरूड फुटायला आणि धाप कमी व्हायला एकच गाठ पडते. मुलींच्या बाबतीत इस्ट्रोजेन हे बायकी हार्मोन त्याच सुजेला बळ देण्याची शक्यता असते. किशोरवयात चित्र उलटतं आणि मोठ्या माणसांत दमा बायकांमध्येच जास्त दिसतो. प्रत्येक मुलीचा वाढतोच असं नाही, काहींचा कमीही होतो. पण ‘वयात आली की जाईल’ हा भरवसा मुलींना देण्यासारखा नाही. आणि गंमत बघा, जे पुरुषी हार्मोन मुलाला चौदाव्या वर्षी हात देतं, तेच गर्भात असताना त्याची फुप्फुसं तयार व्हायला उशीर लावतं. एकाच आठवड्यात जन्मलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांत मुलग्यांना श्वासाचा त्रास जास्त होतो तो त्यामुळंच. हार्मोन चांगलं की वाईट, असा प्रश्न करून भागत नाही. कुठल्या वयात, किती, हे विचारावं लागतं.

तुमच्या चिरंजीवांचा दमाही कायमचा गेला असं समजू नका. पंचविशी-तिशीत तो परत येऊ शकतो. तो कट्ट्यावर सिगारेट ओढायला लागला नाही ना, एवढं बघा.

पाळीच्या आधीचा त्रास खरा आहे, मुलीचे नखरे नव्हेत. त्या दिवसांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही झपाट्यानं खाली येतात. प्रोजेस्टेरॉन श्वासाला चालना देतं आणि श्वासनळीचे स्नायू सैल ठेवायला मदत करतं. तो आधार सुटतो आणि दबलेला दमा डोकं वर काढतो. रात्रीच का, तर शरीराचं कॉर्टिसॉल पहाटे वाढायला लागतं आणि मध्यरात्रीच्या आसपास सगळ्यांत कमी असतं. पहाटे चारच्या सुमारास श्वासनळ्या सर्वांत आकसलेल्या असतात. तुम्ही पत्रात लिहिलं नाही, पण विचारते : पोट दुखतं म्हणून त्या दिवसांत तिला मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयब्युप्रोफेनसारखी गोळी देता का? दम्याच्या काही रुग्णांना या गोळ्यांनी धाप लागते. गोळीनंतर तासा-दोन तासांत खोकला वाढतो का ते बघा, आणि तसं असेल तर डॉक्टरांना सांगून पॅरासिटामॉलवर या. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या दम्यावरचा उपाय म्हणून देण्याचा विचार कुणी सुचवला, तर तो तिथंच मोडून काढा.

हार्मोन्सच्या तपासण्यांचं पॅकेज करू नका. चार-पाच हजार जातील आणि हातात येईल एक ‘नॉर्मल’चा कागद. तिचा दमा हार्मोन्स बिघडल्यामुळं वाढलेला नाही. नीट चाललेल्या हार्मोन्समध्येही तो वाढतो. पाळी फारच अनियमित असेल, अंगावर जास्त जात असेल किंवा वजन भराभर वाढत असेल तर गोष्ट वेगळी. (वजनाचा मुद्दा असाही आहे : चरबीतही इस्ट्रोजेन तयार होतं, आणि जादा वजनाच्या मुलींमध्ये दमा आवरणं अवघड जातं.) पैसे खर्च करायचेच तर स्पायरोमेट्री करा, म्हणजे फुंकर मारून फुप्फुसांची ताकद मोजतात ती. आणि घरी पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा जोर मोजणारं छोटं यंत्र, आणा. सकाळ-संध्याकाळ तिला तीनदा जोरात फुंकायला सांगा आणि सर्वांत मोठा आकडा कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहा, जिथं तुम्ही दुधाचा हिशेब लिहिता तिथंच. पाळीच्या तारखेला गोल करा. दोन-तीन महिन्यांत आकडा नेमका कधी घसरतो ते उघड दिसेल, आणि त्या दिवसांपुरतं औषध वाढवायचं का हे डॉक्टरांना अंदाजानं ठरवावं लागणार नाही.

पंप की पुडी, याचं उत्तर तुम्हाला एव्हाना कळलं असेल. तरी उंचीचं भय असं एका वाक्यात जाणार नाही, म्हणून आकड्यांत सांगते. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. या वयाला सौम्य मात्रा म्हणजे बुडेसोनाइड या पंपातल्या स्टिरॉइडचे दिवसाला २०० ते ४०० मायक्रोग्रॅम. दम्याचा जोराचा झटका आल्यावर ४० किलोच्या मुलाला पोटातून प्रेडनिसोलोन दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत देतात, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. दोन्ही औषधांची ताकद वेगळी, त्यामुळं हा सरळ भागाकार नव्हे, पण अंतर लक्षात यावं. शिवाय पंपातलं औषध थेट श्वासनळीत जातं, रक्तात त्यातलं थोडंच उतरतं.

उंचीवर परिणाम होतच नाही असं म्हणणारे मला पटत नाहीत; होतो, पण किती? अमेरिकेत ५ ते १२ वर्षांच्या हजाराहून अधिक मुलांवर एक मोठा अभ्यास झाला. त्यातल्या एका गटाला चार ते सहा वर्षं रोज ४०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड दिलं होतं. मोठी झाल्यावर त्यांची उंची हे औषध न मिळालेल्या गटापेक्षा सरासरी १.२ सेंटिमीटर कमी भरली. हे २०१२ साली प्रसिद्ध झालं. तुमच्या मुलीची मात्रा सौम्य असेल तर ती त्याहून जास्त नसणार, आणि पाळी सुरू झाल्यावर मुलींची बरीचशी वाढ झालेलीच असते. उलट न आवरलेला दमा स्वतःच वाढ मागे खेचतो, झोप मोडतो, शाळा बुडवतो. पाळीचं म्हणाल, तर सौम्य मात्रेच्या पंपानं पाळी बिघडत नाही. पोटातून महिनोन्‌महिने गेलेल्या स्टिरॉइडनं मात्र बिघडू शकते. सासूबाईंची भीती खोटी नाही, फक्त ती कपाटातल्या पंपाकडं रोखलेली आहे, पुडीकडं वळवा.

पंप घेताना स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचं प्लास्टिकचं नळकांडं, लावायचा, नंतर चूळ भरून थुंकायचं, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात. दर तीन-चार महिन्यांनी उंची-वजन लिहायचं. दमा आटोक्यात राहिला की डॉक्टर मात्रा कमी करत नेतात. निळा पंप, म्हणजे साल्ब्युटामॉल, नुसता त्याच्यावर मात्र राहू नका. तो श्वासनळी तेवढ्यापुरती मोकळी करतो, सूज तशीच राहते. १२ वर्षांवरच्या रुग्णांना एकट्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नये, असं २०१९पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनाही सांगतात. बोलताना वाक्य पुरं होत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ काळेनिळे पडत असतील किंवा निळ्या पंपानं उतार पडत नसेल, तर वाट बघत बसायचं नाही. १०८ ला फोन करा, कोल्हापुरातलं सीपीआर हे सरकारी रुग्णालय किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा.

फुटबॉल बंद करू नका. कोल्हापुरात पोराला फुटबॉल सोडायला सांगायची कुणाची छाती होत नाही, पोरीला मात्र दम्याचं निमित्त लगेच पुरतं. आवरलेल्या दम्यात खेळ फायद्याचाच असतो. आधी दहा-पंधरा मिनिटं हळूहळू अंग गरम करू दे. खेळाआधी पंप लागतो का ते डॉक्टरांना विचारा. एक पंप तिच्या बॅगेत असू द्या आणि क्रीडाशिक्षकांना तो कसा द्यायचा ते दाखवून ठेवा. गळीत हंगामात शेतात पाचट पेटलेलं असेल किंवा सकाळी अंगणात काजळी पडलेली दिसली, तर त्या दिवशी सराव संध्याकाळी किंवा घरातच. पावसाळ्यात आपल्याकडच्या भिंती महिनाभर ओल्या असतात. तिच्या खाटेमागच्या भिंतीवर बुरशी धरली असेल तर खाट हलवा आणि भिंत पुसून कोरडी करा. डासांची कॉइल तिच्या खोलीत नको. देवघरातला धूप बंद करा असं मी सांगणार नाही, त्यावरून आणखी एक भांडण व्हायचं. दार लोटून खिडकी उघडी ठेवा, पुरे.

राहिलं ‘पंपवाली पोरगी’ हे नाव. पत्रातला खरा अडसर हाच असावा असं मला वाटतं. उंची आणि पाळी त्यामागून आल्या. लपवून घेतलेला पंप बहुतेक वेळा घेतलाच जात नाही. चारचौघांत घ्यायची लाज वाटली की पोर पंप घरी विसरते आणि मग मैदानावर तिला धाप लागते. आजीसमोर चहाच्या वेळी, रोज ठरलेल्या वेळेला पंप घेऊ दे. चष्म्याला कुणी नाव ठेवत नाही, ते सगळ्यांना दिसतो म्हणूनच. आणि लग्नाच्या गोष्टी १३ वर्षांच्या मुलीच्या कानावर पडू देऊ नका, एवढं तुमच्या यजमानांनी आपल्या आईला सांगावं. ते काम सुनेचं नव्हे. पुडी त्यांच्याच मित्रानं आणली आहे, तेव्हा डॉक्टरांकडे पुडी घेऊन जाताना त्यांनीही यावं.

सासूबाईंनाही सोबत न्या. तुम्ही घरी येऊन समजावून सांगण्यापेक्षा उंचीचा आणि पाळीचा प्रश्न त्यांनी स्वतः डॉक्टरांना विचारू दे. जाताना मुलीचा जन्माच्या वेळचा डिस्चार्जचा कागद, शाळेतल्या उंची-वजनाच्या नोंदी आणि उरलेल्या पुड्या एका पिशवीत घाला. डॉक्टरांशी बोलायला दोन मिनिटं मुलीला एकटीला आत बसू द्या. पाळीबद्दल काही गोष्टी ती आजीसमोर बोलणार नाही.